कुंकवाखालचा बाण

मंडळी, आज सकाळी घाटनांदूरहून अंबाजोगाईला शाळेत निघालो होतो. ओल्या वळणावर ब्रेक दाबला, तर गाडी वळलीच नाही, सरळ घसरत गेली. समोरून एसटी येत होती. ड्रायव्हरनं ती कडेला घेतली म्हणून वाचलो. शेजारी बायको होती. अंबाजोगाई येईपर्यंत तिनं दाराची मूठ सोडली नाही.

टायर तर नवेच आहेत. तरी तसाच टायरवाल्या चाचांकडं गेलो. त्यांनी वाकून पुढची चाकं बघितली.

"सर, चाकं कुणी बदलली?"

"मीच. दसऱ्याच्या आधी डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. जुन्या गाडीला नेहमी असंच करायचो."

"जुनीला सरळ रेघांची नक्षी आसंल. ती कशीबी फिरवा. ही नक्षी तिरपी हाय. सुलटी फिरली तर पाणी बाहेर फेकती, उलटी लावली तर पाणी टायरखालीच ऱ्हातं. म्हणून तर कंपनी टायरवर बाण काढती."

मी मुलांना घर्षण शिकवतो, हे चाचांना सांगितलं नाही. बाण काही दिसला नाही, एवढंच म्हणालो.

चाचांनी ओल्या फडक्यानं टायरवरचं दसऱ्याचं हळदकुंकू पुसलं. खाली बाण होता, मागं तोंड करून.

ते कुंकू मीच लावलं होतं, गाडी सुखरूप राहावी म्हणून.

तुम्ही पूजेच्या आधी टायर कधी वाचलाय का?