उजव्या मांडीवरचे टाके

कुणी 'मॅडम' म्हटलं की समोरच्याला काहीतरी फुकट हवंय, एवढं कंपाउंडरताईंना अनुभवाने कळत होतं. जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यामांजरांच्या घशात गोळ्या ढकलता ढकलता बाई अशी फटकळ झाली होती, की खुद्द डॉक्टरसुद्धा तिला वचकून असत. पण हरवलेल्या जनावराचा विषय निघाला की हीच बाई हळवी व्हायची. शहरातल्या लोकांनी मोबाइलवर 'हरवले-सापडले' असा ग्रुप काढला होता, त्याची राखण ताईंकडे होती. कुणाला आत घ्यायचं, कुणाला हाकलायचं, कुणाची तक्रार करायची, सगळं त्याच बघायच्या.

ग्रुपचा एक पक्का नियम होता. जनावर हरवलं की फोटो टाका, रंग सांगा, पण एक खूण कुणालाही सांगू नका. 'सापडलं' म्हणून कुणी आलं की त्याला ती खूण विचारायची. बरोबर सांगितली तर माणूस खरा.

ड्रायव्हरकाकांचा कुत्रा ढब्बू हरवला तेव्हा काकांनी हा नियम अगदी देवाची शपथ घ्यावी तसा पाळला होता. निदान ताईंना तसं वाटत होतं. काका आयुष्यभर बस चालवून आता घरी बसलेले, बायको गेलेली, मुलगी परदेशात. ढब्बू म्हणजे त्यांचं सगळं घरदार. फाटक उघडं राहिलं आणि तो निघून गेला. त्यात त्याला फिट यायची. सकाळ-संध्याकाळची गोळी चुकली तर काय होतं हे ताईंनी टेबलावर त्याला धरून ठेवताना पाहिलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी ग्रुपवर एक भला माणूस उगवला. कुत्रा माझ्याकडे सुखरूप आहे, मी दूर राहतो, गाडीचं भाडं पाठवा, आणून देतो. ग्रुप नुसता आनंदाने न्हाऊन निघाला. ताईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. माणसाला ना चेहरा, ना ओळख. त्यांनी काकांना फोन केला, "पैसे पाठवायचे नाहीत हं अजून," आणि भल्या माणसाला खूण विचारली.

उत्तर लगेच आलं. मागच्या उजव्या मांडीवर टाके घातल्याचा व्रण.

ताई खुर्चीत मागे टेकल्या. व्रण होता, हे खरं. पण तो डाव्या मांडीवर होता. टाके घालताना ढब्बूचं डोकं त्यांच्याच काखेत होतं, डॉक्टर पलीकडून शिवत होते. डावी म्हणजे डावीच.

आता काय करावं? ॲपवाल्यांकडे तक्रार केली की त्याचं खातं बंद होणार. माणूस भामटा असला तर पीडा टळली. पण खरा असला तर? कुत्रा तोंडासमोर बसवला की त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, कुणीही फसेल. ताईंच्या आधी ग्रुप सांभाळणाऱ्या मॉडरेटरबाईंनी अशाच एका माणसाला चारचौघांत चोर ठरवलं होतं. तो चिडला, सगळ्यांना ब्लॉक करून मोकळा झाला, आणि त्याच्याकडे असलेलं मांजर पुन्हा कुणाला दिसलं नाही. बाई नंतर ग्रुप सोडून गेल्या. ते सगळं ताईंच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"करून टाक ना तक्रार, एवढा कसला विचार?" नवरा म्हणाला.

"आणि कुत्रा त्याच्याकडेच असला तर? दिला सोडून हायवेवर, तर तू जाशील आणायला?"

"मग नको करू."

"गप्प बस. दोन्हीकडून बोलतोस."

ताईंनी तक्रार लिहिली, पण पाठवली नाही. भल्या माणसाला गोडीगुलाबीने सांगितलं, कुत्र्याशेजारी एक चमचा ठेवून आजचा फोटो पाठवा, म्हणजे जुना फोटो खपणार नाही. काकांचा जीव टांगणीला लागलाय, हे कळत असूनही त्या थांबल्या. आणखी एक रात्र गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोटो आला नाही. कुत्रा चावतो म्हणून जवळ जाता येत नाही. मग कॅमेरा बिघडला. मग, "मॅडम, तुमचा विश्वासच नसेल तर राहू द्या, मी सोडून देतो त्याला." हाच तो शब्द, ज्याला ताई कालपासून घाबरत होत्या. त्यांनी हातातलं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं, डॉक्टरांना "आलेच" म्हणाल्या आणि उत्तराची वाटही न बघता काकांच्या घरी निघाल्या.

काका अंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. नवऱ्या मुलाकडची माणसं यायची असावीत असं घर झाडलेलं.

"ये ताई! कधी आणतोय म्हणे?"

"काका, आधी एक सांगा. ढब्बूला टाके कुठे आहेत?"

"अगं, मागच्या उजव्या मांडीला. तूच तर होतीस."

"हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुणाला म्हणजे? तुझ्याच मुलाला की."

"माझा कुठला मुलगा?"

"ग्रुपमधला गं. फोन आला होता. फार आदबीने बोलत होता. म्हणाला, ताईंनी खूण नोंदवून ठेवायला सांगितलीय, पडताळायला सोपं जाईल. तुझं नाव घेतलं म्हणून सांगितलं, नाहीतर मी कशाला सांगतोय!"

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. मेल्याने त्यांचंच नाव पुढे करून खूण काढून घेतली होती, आणि त्यांनीच विचारल्यावर त्यांनाच परत केली होती. काकांची चूक त्यात जशीच्या तशी. कुत्रा डोळ्यांनी बघितलेला माणूस नव्हताच तिथे कधी. त्यांनी उभ्याउभ्याच फोन काढला आणि तक्रार पाठवून दिली. मग ग्रुपवर लिहिलं, या माणसाला कुणीही पैसे देऊ नका, आणि मॉडरेटर कधीच फोन करून खूण विचारत नाहीत.

मग काकांना सांगावं लागलं. ताईंनी काही आडपडदा ठेवला नाही.

काकांनी विचारलं, "तुला शंका कधी आली?"

"कालच. खूण चुकीची आली तेव्हा."

"मग कालच का नाही बोललीस?"

"तो खरा असला तर ढब्बू हातचा जाईल, अशी भीती वाटली. खात्री नव्हती काका."

"पैसे पाठवू नको म्हणालीस, ते मी ऐकलं. पैसे गेले नाहीत माझे." काका उठले. कोपऱ्यात कागदांचा गठ्ठा पडला होता. सगळ्यांच्या कडा फाटलेल्या, मागे वाळलेला गोंद, वर ढब्बूचा फोटो. "पण सापडला म्हणून मी काल संध्याकाळी जाऊन हे सगळे काढून आणले गं. चौकातले, बागेजवळचे, शाळेजवळचे. चहावाल्याला सांगितलं, आता बघू नकोस, मिळाला. सगळ्यांना सांगितलं, मिळाला."

कालपासून ताई खात्रीची वाट बघत बसल्या होत्या, आणि कालपासून अख्ख्या शहरात ढब्बूला कुणीही शोधत नव्हतं.

"चल," काका म्हणाले. "अर्धे तू घे."

त्यांनी गठ्ठ्यातले निम्मे कागद ताईंच्या हातात दिले, चप्पल पायात सरकवली आणि जिना उतरता उतरताच हाका मारायला सुरुवात केली.