आठ कामट्यांची टोपली

मंदाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते इथे कॅनडात, स्कारबरोला, आमच्या बिल्डिंगच्या लाँड्रीत. मोज्यांचा ढीग पुढ्यात घेऊन त्या एका चिमुरडीला विचारत होत्या, “न बघता किती काढले, तर एक जोडी नक्की जमेल?” मला वाटलं बाईंचा मोजा हरवला, मीही शोधायला वाकले! मग कळलं, ताई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. दर रविवारी आपल्या बेसमेंटमध्ये अख्खी कुटुंबं गणिताला बसवतात. पाच वर्षांचं पोर आणि त्याचे आजोबा एकाच सतरंजीवर.

आता ताईंना पंचाहत्तर पूर्ण होताहेत, म्हणून मंडळींना जय भीम करून मीही चार ओळी लिहिते. शिक्षण तिसरी, सांभाळून घ्या.

माझी नात अन्वी दहा वर्षांची. शाळेतल्या टेस्टनंतर म्हणायला लागली, “आय ॲम जस्ट डम्ब, आजी.” एवढं इंग्रजी मला कळतं. मीही असंच म्हणून शाळा सोडली होती, त्यामुळे फार लागलं. रविवारचं ताईंकडे जाणंही नको म्हणाली. “शेवटचं एकदा चल,” म्हणत तिला नेलं.

त्या दिवशी ताईंनी कागदी पेले उभे चिरून आठ-आठ पट्ट्या करायला सांगितल्या. त्यांतून लोकर आत-बाहेर विणायची. अन्वीची वीण बसेना. दुसरा फेरा पहिल्यावरच पडायचा. तिचे डोळे भरले. “सी? टोल्ड यू.”

मला राहवेना. माझी आई बांबूच्या कामट्यांच्या टोपल्या विणायची. म्हटलं, “अगं, तुझं नाही चुकलं. या कामट्या जोडीत आहेत, सम. एक जास्त घे.”

ताई मोकळ्या हसल्या. “चूक माझी. सारखे भाग पडावेत म्हणून मी आठ केले. आक्का, पण असं का होतं हो?”

“मला काय ठाऊक? आई सांगायची!”

“मग शोधू या. मलाही नीट बघू दे.” आणि एवढ्या शिकलेल्या ताई अन्वीच्या शेजारी मांडी घालून बसल्या.

चिल्लीपिल्ली “आत, बाहेर” मोजू लागली, कुणाकुणाचे जावईबापू पेले चिरू लागले. सात जमलं, नऊ जमलं, दहा फसलं. अखेर अन्वी ओरडली, “आजी, इव्हन असेल तर सेकंड राउंडला धागा सेम जागी आतच येतो! ऑड असेल तर फ्लिप होतो!” साठ वर्षं हाताला ठाऊक होतं, डोक्याला त्या दिवशी कळलं. नातीनं शिकवलं हो!

आता अन्वी विचारते, दोन धागे घेतले तर आठावर जमेल का? ताई उत्तर सांगत नाहीत. “रविवारी ये, बसू,” म्हणतात. ती आधीच बूट घालून दारात उभी असते.

ताई, तुमचे गुडघे धड राहोत, बेसमेंटचा जिना सोपा जावो. आमच्या अन्वीचे प्रश्न संपेपर्यंत तरी तुम्ही जगाच. आणि पोरीचं लक्षण बघता, ते काही लवकर संपायचे नाहीत.