अंगण धुवायचं मशीन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पावसाळ्यात अंगण निसरडं होतं, म्हणून आमच्याकडे वाटेवर नारळाच्या झावळ्या अंथरतात. एका वर्षी पाहुणे यायचे होते, मला त्या गबाळ्या वाटल्या आणि मी त्या गुपचूप उचलल्या. थोरल्या वहिनी तिथेच घसरल्या. तेव्हापासून त्या काठी घेऊन चालतात आणि दोष आपल्या झिजलेल्या चपलेला देतात.

काल मी प्रेशर वॉशर बघायला गेलो. दुकानदाराने एका चिऱ्यावर पाण्याची धार धरली आणि शेवाळ साल सुटावी तसं निघालं. मी सगळ्यात महागडं मशीन मागितलं.

"काका, घरच्या अंगणाला हे लहान पुरे. त्या मोठ्याच्या जोराने तुमचा चिराच झडेल."

मी खट्टू झालो. माणूस कधीकधी वस्तू घेत नसतो, स्वतःला दंड करून घेत असतो. तो स्वस्तात भागला की जिवाला चैन पडत नाही.

शेवटी लहानच घेतलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, माझ्या वेंधळेपणापायी केवढा हा खर्च!"

मी मशीनचा पाइप नळाला जोडला. त्यांना खरं सांगायचं अजून बाकी आहे.