वाळवंटाचा पंप आणि बापाचा वाफा

माजिवड्याजवळच्या मिठागरात बाप राबायचा आणि मिठागराच्या कडेलाच आमची झोपडी होती. पुढे त्या आगरावर मातीचा भराव पडला. आम्हाला उठवलं, आणि आम्ही दिव्यात एका खोलीत येऊन पडलो. खोलीत वीज नव्हती. पाण्याला आई रुळांपलीकडच्या विहिरीवर जायची, तर तिथल्या बायका "आली आगरवाली" म्हणून तिचा हंडा मागे सारायच्या. बाप खाडीकाठच्या दुसऱ्या मिठागरात मजुरीला लागला. त्या खोलीतून मी बीएस्सी झाले. आमच्या घरात दहावीसुद्धा कुणी नव्हतं. हे मी आजही मान ताठ ठेवून सांगते.

नोकरी मिळाली डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात. नव्वदनंतरची ती वर्षं. गुजरातेतल्या वाळवंटात जमिनीखालचं खारं पाणी उपसून मीठ पिकवतात, आणि हंगामभर त्यासाठी डिझेलची इंजिनं धूर ओकत असतात. तो टापू डिझेलवरून उन्हावर आणायची एक योजना होती. ऊन झेलणाऱ्या काचेच्या पाट्यांवर चालणारे ते पंप आम्ही बनवायचो. कार्बन-बिर्बन शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हते. चाचणीचं काम माझ्याकडे. चाचणी फसली तर तिकडे पुन्हा डिझेलची इंजिनं जाणार आणि आमचा विभाग बंद होणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या साहेबांना ती फसलेलीच हवी होती, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. डिझेल इंजिनांच्या एका विक्रेत्याशी त्यांचं बरंच जाणं-येणं होतं. चाचणी ते कारखान्याच्या गच्चीवरच घ्यायला लावायचे. शेजारी रंगाचे आणि रसायनांचे कारखाने. सकाळी पुसलेल्या काचेवर दुपारपर्यंत पिवळट थर बसायचा, पाण्याची धार बारीक व्हायची. वाळवंटात हा थर नसतो, असं मी म्हटलं की ते सगळ्यांसमोर विचारायचे, "मिठागरात शिकलात का हे फिजिक्स?" मीही त्यांना एकदा सांगितलं, की गच्चीवर पंप नापास होत नाही, डोंबिवलीची हवा नापास होते. त्यानंतर आमचं बोलणं फक्त कामापुरतं राहिलं.

मग वाळवंटातल्या मीठवाल्यांचा म्हातारा म्होरक्या पंप बघायला आला. पागोटं, पायात मोजडी, चेहऱ्यावर नुसता अविश्वास. आधी कुणीतरी असली काच त्यांच्या गळ्यात मारली होती, आता तिच्यावर नुसती कबुतरं बसतात म्हणाला. गच्चीवरची धार बघून तो जिना उतरायला लागला. मी त्याला अडवून म्हटलं, मिठागरात दाखवते. साहेब हसले. तो थांबला.

बापाला न विचारताच मी हे बोलून बसले होते. संध्याकाळी सांगितलं तेव्हा तो ताटावरून उठला.

"आमच्या पोटावं यंतर आनतंस? याच्यापायी शिकवलंय तुला?"

आईने समजावलं, मी भांडले. पंप इथे राहणार नाही, दाखवून परत जाईल, हे त्याला शेवटी पटलं, पण तोंड वाकडंच. एक अट घातली. वाफ्यात जो उतरेल तो अनवाणी उतरेल. वाफ्याचा तळ महिनाभर पायांनी तुडवून, चोपून घट्ट करतात, तेव्हा कुठे त्यावर पांढरं मीठ धरतं. तिथे चप्पल घालून कुणी जात नाही.

हे मी साहेबांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. तरी जीपमधून उतरले ते बुटांसकट थेट वाफ्यात. बाप पुढे झाला आणि त्याने पंपाचा पाइप शेजारच्या चरातल्या पाण्यातून उपसून बांधावर टाकला.

"भायेर हो आधी."

"ए, बाजूला हो," साहेब म्हणाले. "तुझ्या बापाचं आहे का हे?"

"बापाचंच हाय. तिला विचार," माझ्याकडे बोट करून तो म्हणाला.

बांधावर मजूर जमले. कुणीतरी म्हणालं, सायबाचे पाय बुटात शिवलेत वाटतं. मी घड्याळ बघत होते. ऊन कलंडलं की पंप मंदावणार, आणि साहेबांना तेवढंच हवं होतं. मी म्हटलं, "बूट काढा, नाहीतर बाहेर उभे राहा. चाचणी मी घेते."

"तू घेणार? आणि सही कोण करणार?"

तेवढ्यात तो वाळवंटातला म्हातारा माझ्या बापाशेजारी येऊन उभा राहिला. मोजड्या त्याने कधीच बांधाखाली काढून ठेवल्या होत्या. कुणी सांगायची गरज पडली नव्हती. साहेबांच्या बुटांनी पडलेले खड्डे बघून तो म्हणाला, "हमारे यहाँ ऐसे आदमी को पानी भी नहीं पूछते. चलाओ बेटी, देखना मुझे है."

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. बापाने पाइप पुन्हा पाण्यात सोडला, माझ्याकडे न बघता. मी खटका दाबला. मनगटाएवढी धार वाफ्यात पडली आणि ऊन उतरेपर्यंत पडत राहिली. म्हातारा तिच्यासमोरून हलला नाही. बापाने ओंजळीत घेऊन जिभेला लावलं आणि एवढंच म्हणाला, "खारंच हाय." माझं कौतुक त्याने त्या दिवशी केलं नाही, नंतरही नाही.

साहेबांनी अहवालात पंप नापास लिहिला. म्हाताऱ्याने योजनेच्या कचेरीत स्वतः जाऊन तो पास करून घेतला. पुढच्या हंगामात आमचे पंप त्याच्या गावच्या आगरांवर लागले, आणि त्या आगरांवर त्या वर्षी डिझेलचं इंजिन चाललं नाही.