जाम कळवणारे काका

ऑटोवाल्या काकांचं नाव मी विचारलं नाही. तेवढं डोकं तेव्हा शांत नव्हतं. कॉलेजचा पहिला पेपर होता, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. उशीर झाला तर काय करायचं, हे सांगणारंही कोणी नव्हतं.

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातून निघालो आणि पहिल्याच खड्ड्यापाशी काकांनी ऑटो थांबवला. कपाळावरचा चष्मा खाली ओढला, बोट शर्टाला पुसलं आणि नकाशाच्या ॲपवर खड्डा नोंदवला. पुढे रस्त्यात गाय बसली होती, पुन्हा तेच. गोल बाजारात गर्दी दिसताच तर त्यांनी भर रस्त्यात ब्रेक लावला.

"काका, माझा पेपर आहे," मी चाचरत म्हटलं.

"हव बेटा. पन चालवता चालवता मोबाईल पाहू नये. ॲक्सिडेंट होते."

"अबे, सरक ना!" मागचा स्कूटरवाला ओरडला.

काकांनी मान बाहेर काढली. "तुमच्यासाठीच करून राहिलो ना भाऊ! मागच्याले समजलं पाहिजे, पुढे जाम आहे."

पुढचा रस्ता एव्हाना मोकळा झाला होता. जाम आता आमच्या मागे होता.

कॉलेजचं फाटक बंद होता होता मी धापा टाकत आत शिरले. मैत्रीण पंख्याखाली आरामात बसली होती.

"ॲपने गोल बाजारात जाम दाखवला, म्हणून दुसऱ्या रस्त्याने आले," ती म्हणाली. "कोणीतरी भल्या माणसाने कळवलं."

भला होताच. म्हणूनच त्याच्यावर धड चिडताही येईना.