फियाटच्या सीटवरची गोधडी

धोंडबा निखारे माझा शेजारी आणि जुना मित्र, पण घाई असेल तर त्याच्याकडे गाडी नेऊ नका, असं मी स्वतःच लोकांना सांगत आलो. कळमन्याच्या रस्त्याला त्याचं टिनाचं गॅरेज, मागेच घर. बाजारातले टेम्पोवाले हात जोडायचे, तरी नवं बांधलेलं इंजिन हा बाबा एकदम सुरू करायचा नाही. आधी प्लग काढून ठेवायचा आणि इंजिन पेटू न देता नुसतं सेल्फवर फिरवायचा. थोडं फिरवायचं, थांबायचं, परत फिरवायचं. तेल आत सगळ्या बेअरिंगांपर्यंत चढलं की डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो. मगच प्लग लावायचे. "कोरडं चालू केलं का पयल्याच दणक्यात घासते," म्हणायचा.

आता धोंडबाचं डोकं बोनेटखाली, कान इंजिनाला. मग किल्ली फिरवून दिव्यावर नजर कोण ठेवणार? त्याची बायको, कांताबाई. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण किती गाड्यांची पहिली किल्ली तिनं फिरवली याला गणती नाही. बुटकी होती. सीटवर गोधडीची घडी टाकल्याशिवाय तिला दिवा दिसायचा नाही. गोधडी बगलेत मारून बडबडत यायची. दिवा विझला की हाक द्यायची, "झालं वो!" मग प्लग लागायचे, गाडी सुरू व्हायची, धोंडबा खिडकीशी येऊन हसायचा, आणि ती म्हणायची, "मी जाते आता. भात करपन."

अंगणात त्यांची स्वतःची एक जुनी फियाट होती, इंजिन बसून बंद पडलेली. ती नीट करून कांताबाईला खाप्याला, माहेरी, स्वतःच्या गाडीतून न्यायचं, हे वचन धोंडबानं लग्न नवं असतानाच देऊन ठेवलेलं. पण गिऱ्हाइकाची गाडी नेहमी आधी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी चिडवायचो, "वहिनी, एसटीनं जाऊन या, नाही तर नातवंडंच नेतील तुम्हाला." ती हसायची. धोंडबाला ते लागायचं.

मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. तेव्हा कुठे या शहाण्यानं गिऱ्हाइकं परत पाठवली आणि फियाट खोलली. जुन्या गाडीचे पार्ट मिळता मिळेनात. कांताबाई खाटेवरून विचारायची, "अवो, कवा होते?" "होऊन राहिलं वं," तो म्हणायचा. मी एकदा रागावलोच. म्हटलं, "उरक की बाबा, तिच्याकडे वेळ नाही." तर म्हणाला, "मंग काय तिले रस्त्यात बंद पडणाऱ्या गाडीत बसवू?"

शेवटी इंजिन गाडीत चढलं, तेल भरून झालं. दुसऱ्या दिवशी कांताबाई किल्ली फिरवणार होती. त्याच संध्याकाळी तिला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि ती परत आली नाही.

उन्हाळा गेला. फियाटवर धूळ चढली. कोणी कांताबाईचं नाव काढलं की धोंडबा उठून जायचा. परवा सकाळी मात्र तो आपणहून माझ्या दारात आला.

"मारोत, किल्लीवर बसशीन का गा?"

गाडीचं दार उघडलं तर सीटवर गोधडी घालून ठेवलेली. मी उंच माणूस. ती उचलून मागच्या सीटवर ठेवली. धोंडबानं ती परत आणून जागेवर टाकली. "इच्यावरच बस." बसलो. डोकं टपाला टेकलं. मान वाकडी करून दिव्याकडे पाहत राहिलो.

"मार सेल्फ." इंजिन घरघरलं. "थांब. मार आता." दिवा लालच होता. मग मिणमिणला आणि विझला.

"झालं," मी म्हणालो.

धोंडबा बोनेटखाली तसाच वाकलेला. वाटलं, ऐकू गेलं नसेल. मोठ्यानं म्हणालो, "धोंडबा, झालं."

"ऐकलं गा," तो म्हणाला, पण मान वर केली नाही. बोनेटच्या फटीतून त्याचे हात दिसत होते, नुसतेच इंजिनावर ठेवलेले. मला माझ्या आवाजाचाच राग आला.

बऱ्याच वेळानं त्यानं प्लग लावले. मी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. खडखड नाही, धूर नाही. इतकं गोड चालणारं इंजिन त्यानं आजवर बांधलं नसेल. धोंडबा फडक्याला हात पुसत, हसत खिडकीशी आला, वाकला आणि म्हणाला, "चाल वं, सरक तिकडं. खाप्याले निघू."

मग त्याला मी दिसलो. माणसं रडताना मी खूप पाहिली, पण हसता हसता असा चेहरा उतरलेला कधी पाहिला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बस, आपण दोघं जाऊन येऊ खाप्याला."

त्यानं मान हलवली. हात आत घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. मी उतरल्यावर त्यानं गोधडी उचलली, झटकली आणि बगलेत मारली.

"जा गा घरी," तो म्हणाला. "भात करपन."