निमगावच्या चौकातला माझा फ्लेक्स

बारामतीहून ड्यूटी संपवून एस.टी.नं निमगाव केतकीला उतरले, आणि समोर मीच उभी होते. दहा फूट उंच. हॉस्पिटलच्या ओळखपत्रावरचा फोटो होता तो. त्यात मी कुणीतरी नुकताच माझ्या पायावर पाय दिल्यासारखी बघते. डोक्याच्या एका बाजूला विमान, दुसऱ्या बाजूला आयफेल टॉवर आणि खाली लाल अक्षरांत, ‘जर्मनीला रवाना होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ शुभेच्छुक म्हणून समस्त ग्रामस्थ, मित्रमंडळ आणि परिवार. यातल्या समस्त ग्रामस्थांना त्या सकाळपर्यंत काहीच माहीत नव्हतं, आणि ज्या परिवाराला माहीत होतं, त्याला एवढंच माहीत होतं की अजून काही ठरलेलं नाही.

बारामतीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी अकरा वर्षं नर्स आहे. सासर वरकुट्याच्या बाजूला, डाळिंबाच्या बागेत. दोन वर्षं ड्यूटीनंतर जर्मन भाषेच्या क्लासला बसले. बसमध्ये शब्द पाठ करताना शेजारच्या बायका मला भूतबाधा झाल्यासारखं माझ्याकडं बघायच्या. परीक्षा पास झाले, व्हिडिओवर मुलाखत झाली आणि एक दिवस तिकडच्या हॉस्पिटलचं पत्र आलं. दहा दिवसांत हो किंवा नाही कळवायचं होतं. पहिली दीड-दोन वर्षं मी एकटीनं राहायचं, मग जमलं तर नवरा आणि मुलगी येणार. मुलगी आठ वर्षांची. नवऱ्यानं आधीच सांगून टाकलं होतं, “बाग सोडून मी तिकडं काय बर्फ खुरपू?” पण लगेच पुढं म्हणाला, “तुला जायचं आसंल तर जा. तुझी मर्जी.” सासूबाईंना, म्हणजे आत्यांना विचारलं, तर त्यांनीही भाकरी उलटता उलटता तेच सांगितलं, “तुझी मर्जी, बाई.”

आमच्याकडं हा शब्द कसा वापरतात ते सांगायला हवं. मी नर्सिंगला जायचं म्हणाले, तेव्हा शेळगावात, माहेरी, चुलते म्हणाले होते, “बघा, तुमची मर्जी,” आणि पुढं दोन महिने त्या घरात माझ्याशी कुणी धड बोललं नव्हतं. त्यामुळं नवऱ्याच्या आणि आत्यांच्या मर्जीचा अर्थ काय लावायचा, या विचारात मी दोन दिवस घातले होते. आणि तिसऱ्या दिवशी हा फ्लेक्स.

नवरा मोटरसायकल घेऊन न्यायला आला होता. त्यानं फ्लेक्सकडं न बघता गाडीला किक मारली, म्हणजे त्याला माहीत होतं. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, “मला काय इचारू नगं. आबांना इचार.”

आबा म्हणजे माझे सासरे. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटक, बोलणं मोजकं. ते अंगणात उन्हाला बसून ठिबकच्या नळ्यांमधली माती काढत होते. पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी सुरू झाले. माझा राग तसा पटकन चढतो, आणि ते साऱ्या घराला सवयीचं आहे.

“आबा, ह्ये काय केलंय तुमी? मी आजून व्हय म्हणलेलं न्हाय!”

“मंग म्हण की.”

“आन् मला न्हाय म्हणायचं आसंल तर? आता सगळ्या गावात बोर्ड लागला. आता मी कुठल्या तोंडानं न्हाय म्हणू?”

त्यांनी हातातली नळी बाजूला ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं, ते लग्नाला बारा वर्षं होऊनही मी कधी ऐकलं नव्हतं. आत्यांनाही त्यातलं अर्धंच माहीत होतं, असं नंतर कळलं.

चोवीस-पंचवीस वर्षांचे असताना आबा ट्रॅक्टरची दुरुस्ती शिकले होते. बारामतीच्या बाजूचा एक माणूस मस्कतला कामाला माणसं नेत होता. आबांचा पासपोर्ट आला, कागद झाले. मग त्यांनी घरात विचारलं.

“आमचा बा म्हणला, तुझी मर्जी. आई म्हणली, तुझी मर्जी बाबा. थोरला म्हणला, तू शिकलेला, तुझं तू बघ. तिघांनी मर्जी माझ्या गळ्यात घातली आन् तिघंबी गप बसली. मी तीन दिस वाट बघितली. कुणी जा म्हणलं न्हाय. जाऊ नगं म्हणलं आसतं तरी चाललं आसतं, भांडता तरी आलं आसतं. माणूस निघून गेला, मी ऱ्हायलो.”

“मंग पस्तावा वाटतो का?”

“पस्तावा कशाचा? बाग झाली, पोरं झाली, तू आलीस. पण कुणी जा म्हणलं न्हाय, ती गोष्ट काय जात न्हाय डोक्यातनं.” ते पुन्हा नळी उचलून बघायला लागले. “परवा तुझा नवरा मर्जी म्हणला. तुझी सासूबी मर्जी म्हणली. मला भ्या वाटलं. म्हणलं, आपुन मोठ्या अक्षरात म्हणू.”

माझा राग अर्धा उतरला. अर्धा राहिला, कारण आयफेल टॉवर फ्रान्समध्ये आहे. हे मी त्यांना सांगितलं.

“युरोपातच हाय न्हवं?” आबा म्हणाले. “दिसतोय झकास.”

पत्राला उत्तर द्यायला आता सात दिवस उरले होते, आणि त्यातला एकही दिवस मला निवांत मिळाला नाही. वस्तीवरच्या बायका ओटी भरायला यायला लागल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत घरात अकरा नारळ आणि नऊ ब्लाउजपीस जमले. एकीनं सांगितलं, तिकडं थंडी फार असते, तिळाचे लाडू करून ने. दुसरीनं विचारलं, ज्वारीचं पीठ विमानात चालतं का. शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना मी हळूच म्हणाले, “मावशी, आजून ठरलं न्हाय वो.” त्या माझ्या गालाला हात लावून हसल्या. “ठरलं न्हाय कसं? बोर्ड लागलाय की!”

घरात मात्र कुणी हसण्यावारी नेत नव्हतं. आबांच्या गोष्टीनंतर जणू सगळ्यांनी शहाणं व्हायचं ठरवलं होतं. आत्यांनी माझ्या हातातलं पीठ मळायचं भांडं काढून घेतलं. “तू बस. तू गेल्यावर आमचं आमालाच करायचंय, आत्तापस्नं हात बसू दे.” नवरा मुलीचं गणित घ्यायला लागला. त्याचं स्वतःचं गणित यथातथाच, त्यामुळं दोघं मिळून उत्तराच्या पानावर बोट ठेवून मागं मागं यायचे. तो कपडे धुवायचं मशीनही शिकला. पहिल्याच दिवशी आबांची पांढरी टोपी गुलाबी करून ठेवली, आणि आबांनी ती तशीच घातली. मी ड्यूटीवरून यायचे तेव्हा डाळ शिजलेली असायची, गणवेश वाळत असायचा. मला काही कामच उरलं नव्हतं. स्वतःच्या घरात पाहुणी होऊन बसले होते.

आणि मुलीच्या वेण्या.

सकाळी शाळेची गाडी यायच्या आधी, घाईघाईनं, तिचे केस ओढत मी दोन वेण्या घालते. ती ओरडते, मी तिच्यावर ओरडते, लाल रिबन सापडत नाही, गाडीवाला हॉर्न वाजवतो. बालवाडीपासून रोज हाच तमाशा. फ्लेक्स लागल्यानंतर दोन दिवसांनी मी नेहमीसारखी कंगवा घेऊन उंबऱ्यात बसले. ती माझ्यासमोरून गेली आणि आत्यांच्या पुढ्यात जाऊन बसली.

“आज्जी घालंल,” ती मला म्हणाली. “आज्जीला सवय व्हायला पायजे ना.”

पहिल्या दिवशी एक वेणी कानाच्या वर आणि एक मानेवर. दुसऱ्या दिवशी थोडी सुधारणा. तिसऱ्या दिवशीही ती तिरक्या वेण्यांनीच शाळेत गेली आणि तक्रार केली नाही. माझ्याकडून एक केस ओढला गेला तर घर डोक्यावर घेणारी पोरगी ती. आत्यांचे हात सांधेदुखीनं वाकडे झालेत, त्यांना रिबनची गाठ बसत नव्हती, तरी त्या पुन्हापुन्हा सोडत आणि बांधत होत्या. चौथ्या दिवशी दोन्ही वेण्या अगदी सरळ आल्या. मुलगी धावत माझ्याकडं आली, पाठमोरी उभी राहिली आणि म्हणाली, “बघ मम्मी, सरळ! आता तुला काळजी न्हाय.”

मी तिला शाबासकी दिली. गाडी गेल्यावर बागेत जाऊन बांधावर बसले आणि खूप रडले.

तोवर मला वाटत होतं, प्रश्न त्यांचा आहे. माझ्यावाचून मुलीचं कसं होईल, आत्यांना झेपेल का, नवरा एकटा काय करेल. मैत्रिणींशी बोलताना मी हेच बोलायचे, आणि त्यात मला जरा मोठेपणाही वाटायचा. त्या चार दिवसांत या चौघांनी मला करून दाखवलं, की त्यांचं होईल. जरा वाकडंतिकडं होईल, टोप्या गुलाबी होतील, पण होईल. मग मागं मी एकटीच उरले, आणि माझं होणार नव्हतं. कुठल्याशा साध्या मंगळवारी, हॉर्न वाजत असताना, या पोरीचे केस ओढायला मिळणार नाहीत, हे मला सहन होणार नव्हतं. मला जायचं नव्हतं. एवढं साधं वाक्य मी त्या दिवसापर्यंत एकदाही मनात म्हटलं नव्हतं, कारण घरच्यांच्या ‘तुझी मर्जी’मागचा नकार ओळखून मी ते म्हणाले असते, तर ते त्यांनी माझ्याकडून वदवून घेतल्यासारखं झालं असतं. घरच्यांनी अडवलं असतं तर मी हट्टानं गेले असते. माझा स्वभावच तसा आहे.

कुणाला वाटू नये, की जाणाऱ्या बायकांना माया नसते. माझ्याच क्लासमधली एक जण दोन मुलं मागं ठेवून गेली. तिथं छान काम करते, रोज मुलांशी बोलते, आणि तिच्या धीराचं मला खरंच कौतुक आहे. दोन वर्षं केलेला अभ्यास सोडताना मला वाईटही वाटलं. बर्फ बघायचा राहिला. पण परीक्षा पास व्हायची हौस मोठी होती, आणि ती फिटली होती.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “बरं.” मग मोटर बघून येतो म्हणून विहिरीकडं गेला. मोटर बंद होती. बऱ्याच वेळानं तोंड धुऊन परत आला आणि मला म्हणाला, “चहा टाक की.” चार दिवसांत पहिल्यांदा मला कुणीतरी काम सांगितलं होतं.

खरी भीती आबांची होती. ते रागावतील ही नव्हे. त्यांची मान खाली जाईल ही. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात स्वतःचा एक फोटो कुठं लावला नाही, त्यानं माझा चौकात लावला होता. आता लोक त्यांनाच विचारणार होते.

“आबा, मी न्हाय जात.”

त्यांनी मला निरखून पाहिलं. “कुणी काय बोललं?”

“न्हाय.”

“पोरगी रडली?”

“न्हाय. ती तर खुशीत हाय.”

“बोर्डाचा राग धरून न्हाय ना म्हणत?”

“न्हाय वो आबा. मला हितंच ऱ्हायचंय.”

“मनात काय ठिवून न्हाय ना ऱ्हायत? नंतर पंचवीस वर्सांनी कुणाला सांगत बसशील.”

“न्हाय.”

“बरं,” ते म्हणाले. बस, एवढंच. मी त्याच दिवशी तिकडं नकार कळवला.

दुसऱ्या दिवशी निमगावचा बाजार होता. आबा म्हणाले, “चल माझ्याबरोबर.” मला जायचं नव्हतं. पण त्यांना एकट्याला तोंड द्यायला पाठवणं त्याहून वाईट होतं, म्हणून पिशवी घेऊन निघाले. मेथीवाल्यांच्या रांगेत पोचतो न पोचतो तोच आबांच्या वयाच्या दोघातिघांनी गाठलं. “काय आबा, कवा हाय सुनबाईंचं इमान?”

“न्हाय जाणार,” आबा म्हणाले.

आजूबाजूचे वळून बघायला लागले. एक जण म्हणाला, “का वो? इसा न्हाय मिळाला व्हय?” दुसरा त्याला कोपरानं ढोसत हसला, “घरातनंच नगं म्हणलं आसंल. बाईमाणसाला कोण सोडतंय एवढ्या लांब?” मी मान खाली घालून उगाच एका मेथीवालीपुढच्या जुड्या चाळायला लागले. एकतर मी नापास, नाहीतर आबा कोत्या मनाचे, तिसरं कुणाच्या डोक्यात येणारच नव्हतं.

आबांनी आवाज चढवला. एरवी ते बाजारात कुणाशी वर तोंड करून बोलत नाहीत.

“कागद समदं आलं व्हतं. ती पास हाय. आन् आमी घरातल्या सगळ्यांनी तिला जा म्हणलं. तिनं तिचं बघितलं आन् ऱ्हायली.” मग त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. “आमाला काय, आमाला लय बरं झालं. माझ्या तर घशाखाली घास उतरत नव्हता.”

हे त्यांनी मला इतक्या दिवसांत एकदाही कळू दिलं नव्हतं. मी भर बाजारात, त्या मेथीवालीसमोर, वाकून त्यांच्या पाया पडले.